इंजिनापासून तिसरा डबा

धायरी, पुणे
२० ऑगस्ट २००६

प्रिय रतन,

सप्रेम जयभीम.

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता कल्याणीकडून लिहून घेतला. कल्याणी म्हणजे माझी सून. तिच्यापायी तू सात वर्षं बोलत नाहीस, तेव्हा तुला फसवायला तिचंच अक्षर वापरलं. फोन करून पाहिला होता. माझा आवाज ऐकला की तू ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देतोस. गार्डसाहेब इतकं खोटं बोलतात हे रेल्वेला माहीत आहे का?

पत्राचं कारण असं की येत्या चौदा ऑक्टोबरला दीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होतात. दसऱ्याला गर्दी फार, म्हणून मी तारखेप्रमाणे चौदालाच नागपूरला जायचं ठरवलं आहे. छप्पन साली बाबांनी आपल्याला नेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तू पाच. तुला बाबांनी खिडकीतून आत ढकललं होतं आणि तू कुणाच्या तरी गाठोड्यावर पडून झोपलास. अकोल्याला लोकांनी खिडक्यांतून पिठलं-भाकरी आत दिली. ओळख ना पाळख. एक हात आत यायचा, भाकरी ठेवायचा, पुढच्या खिडकीकडे जायचा. मला त्या बाईंचा चेहरा आठवत नाही, बांगड्या आठवतात.

आता सौरभचं म्हणणं, आईने विमानाने जावं. त्याला हिंजवडीहून धायरीला कंपनीच्या बसने यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात म्हणे विमान नागपूरला उतरतं. मला विमानाची नवलाई राहिलेली नाही. मागच्या वर्षी त्याने मला बंगळूरला नेलं होतं. दोन तास आधी लोहगावला जाऊन बसलो. तिथे माझ्या पिशवीतला अडकित्ता काढून घेतला. अठ्ठावन्न वर्षांची निवृत्त नर्स अडकित्त्याने विमान पळवणार, असं त्यांना वाटलं असावं. वर गेल्यावर ढग दिसले. सुंदर होते, खोटं कशाला बोलू. पाच मिनिटं पाहिले. मग आणखी ढग आले. शेजारी कानात वायरी घातलेला मुलगा होता, त्याला विचारलं, बाळा, खाली कुठलं गाव आलं? तो म्हणाला, “आंटी, आय थिंक कर्नाटका.” सव्वा तासात मला कुणी कुठे चाललात, घरी कोण कोण असतं, काही विचारलं नाही. इतका वेळ तोंड बंद ठेवून मी फक्त ऑपरेशन थिएटरात उभी राहिले आहे.

म्हणून मी गाडीने जाणार. गाडीत सामान बाकाखाली सरकवायच्या आत समोरची बाई मुलं किती ते विचारते. आणि खरं कारण सांगायचं तर विमान भुसावळवरून जातं, भुसावळला थांबत नाही. गाडी थांबते. आपल्याकडचं माणूस गाडीने पुढे जाणार असेल तर डबा घेऊन स्टेशनवर जायचं, ही आपल्या घरची रीत. आईने तर नुसत्या ओळखीच्या लोकांनाही प्लॅटफॉर्मवर उभं राहून जेवू घातलं. मी तेरा ऑक्टोबरला सकाळी भुसावळ ओलांडणार आहे. गाडी दहा मिनिटं थांबते. तू यावंस. डबा नसला तरी चालेल.

तुझी लेक प्रियदर्शनी कशी आहे?

तुझी,
शालनताई


भुसावळ
१ सप्टेंबर २००६

श्रीमती शालनताई यांस,

जयभीम. आपले पत्र मिळाले. पाकीट फोडल्यावर फसवणूक झाल्याचे लक्षात आले. पुण्यात राहून आपण एवढे तरी शिकलात.

आपण विमानानेच जावे असे माझे मत आहे. आपले चिरंजीव मोठ्या पगाराचे इंजिनियर आहेत. त्यांची आई स्लीपरच्या डब्यात बसलेली बरी दिसत नाही. शिवाय आता विमानात पाण्याची बाटलीसुद्धा बरोबर नेऊ देत नाहीत असे पेपरात वाचले, म्हणजे ओझेही कमी.

तरीही गाडीचाच हट्ट असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भुसावळच्या पुढे डाव्या हाताची खिडकी असावी, त्या बाजूला ऊन लागत नाही. चहा मनमाडला घ्यावा, त्याआधी घेऊ नये. दौंडला इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागते, म्हणजे पुण्यात जो डबा पुढे असतो तो दौंडपासून मागे जातो आणि मागचा पुढे येतो. एक बाई तिथे ‘गाडी परत पुण्याला चालली’ म्हणून रडू लागली होती. आपण रडू नये. गाडी नागपूरलाच जाते.

प्रियदर्शनीची चौकशी केलीत. ती ठीक आहे. रेल्वेत लागली, रनिंगला असते. लग्न केलेले नाही. एवढ्यावरून समजून घ्यावे.

प्लॅटफॉर्म सार्वजनिक आहे. तिथे कुणी उतरावे, कुणी उभे राहावे, याला माझी मनाई नाही.

रतन


धायरी, पुणे
११ सप्टेंबर २००६

प्रिय रतन,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा रागाने आणि तिसऱ्यांदा डाव्या खिडकीपाशी थांबून. ज्या बहिणीने विमानाने जावं असं वाटतं तिला कुणी सावलीची बाजू सांगत नाही.

पण प्रियदर्शनीचं वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. रनिंगला म्हणजे काय रे? मी कल्याणीला विचारलं. ती म्हणाली, इकडच्या फायली तिकडे नेऊन द्यायचं काम असेल. म्हणजे शिपायाचं काम? इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करणारी पोर, आणि तिने दिवसभर जिने चढायचे-उतरायचे? आणि लग्नही नाही. ‘एवढ्यावरून समजून घ्यावे’ असं तू लिहिलंस. मी समजले.

जे सात वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते आता लिहिते. तिच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. चार बायकांसमोर मीच म्हणाले, ही माझी सून. तू काही मागितलं नव्हतंस. नंतर प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात मी तेच बोलत राहिले. पोरगी मोठी झाली ती तेच ऐकत. मग सौरभने कल्याणीचं नाव घेतलं तेव्हा मी त्याला एकदाही म्हणाले नाही की मामाला जाऊन तू सांग. मीही आले नाही. पत्रिका पोस्टाने पाठवली. मुलाने नाही म्हणणं हा त्याचा हक्क होता. पत्रिका पोस्टाने पाठवणं ही माझी भित्री वागणूक होती. त्याबद्दल मी तुझी आणि तिची माफी मागते. प्लॅटफॉर्मवर आलास तर तोंडाने मागेन. मला दहा मिनिटं पुरतील, मी घोकून ठेवलं आहे.

तिकीट काढलं आहे. बारा तारखेला पुण्याहून निघते. सौरभ घरात बोलत नाही, नुसता टीव्हीचा आवाज मोठा करतो. डब्याचा नंबर कशाला लिहू, तीस वर्षं गाड्यांच्या मागे बसलेल्या माणसाला. इंजिनापासून तिसरा डबा. मी दारातच उभी असेन.

तुझी,
ताई


पुणे
२४ सप्टेंबर २००६

आदरणीय मामा,

जयभीम.

आईला न सांगता लिहितोय. तुम्ही ई-मेल वापरत नाही आणि फोन घेत नाही, त्यामुळे शाळेनंतर पहिल्यांदा हाताने पत्र लिहितोय. चुका असतील तर सांभाळून घ्या.

तुमच्यावर माझा राग नाही. तुमचा माझ्यावर आहे, तो असू दे. पण आईचं नीट ऐका. ती आता रोज संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यावरून चार वेळा चढ-उतार करते. डॉक्टरने सांगितलं म्हणून नाही. भुसावळला डब्यातून पटकन उतरता यावं म्हणून. गुडघे दुखतात, तरी करते. निकिता, माझी चार वर्षांची मुलगी, खाली उभी राहून “सुटली गाडी” असं ओरडते आणि आई जिना चढते. तुमच्यासाठी नवा शर्ट घेतलाय. तुमचं माप तिला माहीत नाही, तर तिने माझ्या वडिलांच्या जुन्या शर्टावरून अंदाज केला.

मला विमानाचं वेड आहे असं ती तुम्हाला सांगत असेल. खरं आहे. नाइट ड्युटी करून करून तिने मला शिकवलं, वडील गेल्यावर एकटीने. मला तिला कुठेतरी पाय न दुखता, धक्के न खाता पोहोचलेलं बघायचं आहे. त्यात चूक काय?

पण आता मुद्दा विमानाचा नाही. तुम्ही आला नाहीत तर ती दारात उभी राहील, गाडी सुटेल, आणि पुढे नागपूरपर्यंत ती एकटी असेल. म्हणून विनंती. येणार नसाल तर दोन ओळी तिला कळवा. मी विमानाचं तिकीट काढतो. वरून जाताना भुसावळ दिसत नाही.

आपला,
सौरभ


(पोस्टकार्ड)
भुसावळ
३० सप्टेंबर २००६

ताईस जयभीम. पत्र पोहोचले. विमानाचे तिकीट काढू नये. भरिताची वांगी यंदा लवकर आली आहेत. बाकी लिहिण्यासारखे काही नाही.

रतन


गाडीत
१३ ऑक्टोबर २००६, सकाळ

रतन,

अक्षर हलतंय ते गाडीमुळे.

भुसावळ आत्ताच सुटलं. तू नव्हतास. मी मनमाडपासून दारात उभी. समोरच्या बाकावरचे चांदूरचे मास्तर दोनदा म्हणाले, ताई, अजून वेळ आहे, बसा. त्यांच्या बायकोने मला चिवडा दिला आणि माझी सगळी कहाणी काढून घेतली. त्यामुळे भुसावळ यायच्या वेळेला आमच्या खणातले सगळेच खिडक्यांतून तुला शोधत होते. तुझं वर्णन विचारलं तर मी काय सांगणार, सात वर्षांपूर्वी केस काळे होते.

गाडी थांबली. मी उतरले, व्यवस्थित उतरले. इंजिनापासून तिसरा डबा. पुण्याच्या तिकीट खिडकीवरच्या माणसाला विचारून गाडीची रचना लिहून घेतली होती. पुण्यात माझा डबा शेवटून तिसरा. पण तू लिहिलं होतंस ना, दौंडला पुढचं मागे होतं, म्हणून तुझ्यासाठी मी उलटा हिशेब करून पत्रात इंजिनाकडून तिसरा लिहिला. बरोबर तिथेच उभी होते. तू नव्हतास. मी “रतन, रतन” म्हणत इंजिनापर्यंत गेले. तिथे प्लॅटफॉर्म जवळजवळ रिकामा होता.

इंजिनाचे ड्रायव्हर बदलत होते. जुने दोघे उतरले. नवे एक पोक्त गृहस्थ वर चढले आणि त्यांच्या मागे एक मुलगी. खांद्याला काळी पिशवी, हातात लाल-हिरव्या झेंड्यांची गुंडाळी, वेणी टोपीत कोंबलेली. मला वाटलं कुणाची तरी मुलगी वडिलांना डबा द्यायला आली आहे. ती शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून वळली आणि म्हणाली, “जयभीम, आत्या.”

रतन, मी प्रियदर्शनीला ओळखलं नाही. तिने मला ओळखलं. मी मूर्खासारखं विचारलं, “तू इथे वर कशी?” ती म्हणाली, “मी असिस्टंट ड्रायव्हर आहे, आत्या. ही गाडी आता आम्ही नेतो. नागपूरपर्यंत.” चार वर्षं झाली म्हणे. तीन वर्षं मालगाड्यांवर काढली. रनिंगला म्हणजे हे, रतन. आणि मी पोरीला फायली वाहायला लावत होते.

मी तिचा हात धरला आणि घोकून ठेवलेली माफी सुरू केली. तिने अर्ध्यातच थांबवली. म्हणाली, “सौरभला सांग, नाही म्हणालास ते उत्तम केलंस. नाहीतर मी आज पुण्यात त्याचे डबे भरत बसले असते.” आणि हसली. अगदी आईसारखी, वरचा ओठ आत घेऊन. मग तिला वरून हाक आली. जाता जाता म्हणाली, “बाबा सकाळी सहालाच घरातून निघालेत, आत्या. भेटले ना?”

म्हणजे तू स्टेशनात होतास. घरातून निघालास, आलास, आणि मला पाहून परत फिरलास. की लांबून पाहिलंस? पोरगी इंजिनावर चढली हे मला दिसावं, एवढ्यापुरताच आला होतास का? मग जिंकलास. मी हरले आणि मला त्याचा इतका आनंद झाला आहे की तुझ्यावर धड रागावताही येत नाही. पण दहा मिनिटं, रतन. एकोणसाठ वर्षांत तुझ्याकडे दहा मिनिटं मागितली होती. मी डब्यात परत चढले तर मास्तरांची बायको बाजूला सरकली. गाडी सुटताना इंजिनाने दोनदा शिट्टी दिली. खणातल्या सगळ्यांना मी सांगितलं, माझी भाची आहे. कुणी विश्वास ठेवला नाही. मास्तर म्हणाले, असेल असेल.

आता मी हे पत्र नागपूरला पेटीत टाकणार आणि यापुढे तुला लिहिणार नाही. शर्ट पोस्टाने पाठवीन, कारण पोस्टाने पाठवायची मला सवयच आहे. तू मात्र हे लक्षात ठेव की आईने कधी कुणाला प्लॅटफॉर्मवर उपाशी

(इथे शाई फरपटलेली. खाली वेगळ्या अक्षरात:)

पत्र हातोहात मिळालं. उत्तर तोंडी देतो. आधी भाकरी खा, गार होते. — रतन


भुसावळ
१८ ऑक्टोबर २००६

चि. सौरभ,

अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. उत्तर काय द्यावं तेच मला तेरा तारखेपर्यंत ठाऊक नव्हतं. तुझी आई काल तुमच्याकडे पोहोचली असेल आणि तिची बाजू तिने सांगितली असेल. ती बाजू तिखटमीठ लावलेली आहे. माझी ऐक.

तुझ्या आईने लिहिलं होतं, इंजिनापासून तिसरा डबा. आता मी तीस वर्षं गार्ड. मी विचार केला, ही पुण्याची बाई, पुण्याच्या स्टेशनवर जाऊन पुण्याचंच इंजिन मोजून आली असणार. दौंडला गाडी उलटी होते हे हिच्या ध्यानात कुठलं राहायला? म्हणून मी तिचा हिशेब मनातल्या मनात सुधारला आणि शेवटून तिसऱ्या डब्यापाशी उभा राहिलो. तिला दौंडचं मीच लिहून कळवलं होतं, हे मात्र विसरलो. तिने माझ्यासाठी उलटं केलं, मी तिच्यासाठी उलटं केलं. सख्खी भावंडं दहा मिनिटं एकाच गाडीच्या दोन टोकांना उभी होती.

गाडी आली. दारात ताई नाही. मला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून आत बसली असेल. वर चढलो. डब्यात सगळ्या नागपूरला निघालेल्या बायका, पांढरी लुगडी, गाठोडी, झोपलेली पोरं. मी मोठ्याने विचारलं, पुण्याच्या शालनबाई कोण? एक बाई उठल्या. त्या मांजरी गावच्या निघाल्या. मी म्हटलं, तुम्ही नव्हे, दुसऱ्या शालनबाई. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या नाही आल्या तर हातातल्या डब्याचं काय करणार?” मी खणाखणातून डोकावत राहिलो. शौचालयाची दारंसुद्धा ठोकली, आता सांगायला लाज वाटते. तेवढ्यात दोन शिट्ट्या झाल्या आणि गाडी हलली.

ती शिट्टी कुणाची हे मला माहीत होतं. प्रियदर्शनीला या गाडीवर ड्युटी लागावी म्हणून मी पंधरा दिवस आधी विनवण्या केल्या होत्या. आयुष्यात कुणाला ड्युटीसाठी शब्द टाकला नव्हता. पोरगी इंजिनावर आहे हे मी तुझ्या आईला पत्रात लिहिलं नाही, कारण मला ते लिहायचं नव्हतं, दाखवायचं होतं. ताईला इंजिनापर्यंत चालवत न्यायचं, एक शब्द बोलायचा नाही, आणि तिचा चेहरा बघायचा, असं मी ठरवलं होतं. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते गाडीच्या पुढच्या टोकाला घडलं आणि मी मागच्या टोकाला शौचालयाची दारं ठोकत होतो. फुशारकी मारायला निघालेल्या माणसाचं असंच व्हायला हवं. तुझ्या आईकडून मी तो प्रसंग सहा वेळा वदवून घेतला आहे. दर वेळी त्यात थोडी भर पडते. पडू दे.

गाडी हलली तेव्हा मला उतरता आलं असतं. चालत्या गाडीत मी हजार वेळा चढलो-उतरलो आहे. दारापर्यंत गेलोही. प्लॅटफॉर्म मागे सरकत होता. तुझं पत्र खिशात होतं. गाडी सुटेल आणि पुढे नागपूरपर्यंत ती एकटी असेल, हे तू लिहिलेलं मला पाठ झालं होतं. मी उतरलो नाही.

मग डबा हातात घेऊन पुढे चालत निघालो. शेवटून तिसऱ्यापासून पुढून तिसऱ्यापर्यंत, डब्यातून डब्यात. पाऊण तास लागला. पाय ठेवायला जागा नव्हती. तीस वर्षं मी गाडीच्या शेवटी एकटा बसून तिचा लाल दिवा सांभाळला, पण गाडीच्या पोटात काय काय चालतं ते त्या दिवशी पाहिलं. एकाने पत्ते खेळायला बोलावलं. एका आजींनी डब्याला हात लावून भरीत ओळखलं आणि तेल किती घातलं ते विचारलं. एका पोराने माझं बोट धरून मला दोन डबे पोहोचवून दिलं. सगळे विचारत होते, कुणाला शोधता? मी म्हणायचो, बहिणीला. कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. मध्येच टीसी आला आणि त्याने पास मागितला. पास घरी, कोटाच्या खिशात. नोकरीच्या तिसाव्या वर्षी मी विनातिकीट पकडलो गेलो. पोरगा नवा होता, चोख होता, त्याने पावती फाडली. ती मी जपून ठेवली आहे.

तुझी आई खाली मान घालून लिहीत होती. नाव माझंच होतं, वरून दिसलं. मी मागे उभा राहून दोन परिच्छेद वाचले. माझी बरीच निंदा होती. मग म्हटलं, भाकरी गार होते. तिने वर पाहिलं. पुढचं लिहीत नाही. एवढंच लिहितो की तिची घोकलेली माफी शेवटपर्यंत झालीच नाही, कारण मीही तोंड उघडलं होतं. पोरीचं लग्न, पोरीचं लग्न म्हणून मी सात वर्षं जो अपमान उराशी धरला होता, त्यातल्या पहिल्या दोन वर्षांतच पोरगी तो टाकून परीक्षा देऊन मोकळी झाली होती. माझंच ओझं मी वाहत होतो आणि नाव तिचं घालत होतो. हे मी मास्तर आणि त्यांच्या बायकोसमोर मोठ्याने बोललो. त्या दोघांनी भरीत मात्र पोटभर खाल्लं. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी आठ होत्या, आठ माणसं होती. आईचा अडकित्ता माझ्याकडे होता, तो ताईला दिला. तिने तिथेच सुपारी कातरून सगळ्यांना वाटली. कुणी काढून घेतला नाही.

शर्ट दंडात घट्ट होतो. मी तोच घालून नागपुरात हिंडलो.

नागपूरला इंजिनाजवळ गेलो तर पोरगी खाली उतरून हात पुसत होती. तिला रात्री परतीची गाडी होती, म्हणून तिला घेऊन तसेच थेट दीक्षाभूमीवर गेलो, ती ड्युटीच्या कपड्यांतच. चौदाला आम्ही दोघं पुन्हा गेलो, पण खरं जाणं ते आदल्या संध्याकाळचंच. गर्दीत ताईने माझा नवा शर्ट मागून धरला होता, छप्पन साली बाबांचा धरला होता तसा. तुला ठाऊक आहे, बाबा गँगमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज सहा मैल रूळ तपासत चालायचे. गाडी आली की खाली उतरून बाजूला उभं राहायचे. ताई तिथे उभी राहून म्हणाली, बाबा रुळावर होते, रतन शेवटच्या डब्यात, आणि ही पोरगी इंजिनात. मी तिला म्हटलं, एवढं मोठं बोलू नकोस, लोक बघतात. प्रियदर्शनी म्हणाली, “आत्या, माझी गाडी चुकेल,” आणि आम्ही निघालो.

तू आईला विमानात बसवलंस ते चांगलंच केलंस. आमच्या आईला ज्या गाडीत बसायला मिळालं ती कोळशाच्या धुराने बाहेरूनही काळी आणि आतूनही काळी. बाबांच्या लेकीला आभाळातून कुणीतरी न्यायला हवंच होतं. पुन्हा ने. पण तुझ्या विमानात मी उलट्या टोकाला चढलो असतो तर पाऊण मिनिटात तिच्यापर्यंत पोहोचलो असतो, आणि तासाभरात उतरायची वेळ आली असती. एवढ्या वेळात सात वर्षांचं बोलणं होत नाही. आम्हाला मलकापूर ते नागपूर पुरलं नाही, येताना पुन्हा बोलत आलो.

तुझ्यावरचा राग मी घरात शोधला. सापडत नाही. तुझी मामी म्हणते, प्रियदर्शनीने कधीच रद्दीत घातला असेल.

आता काम. सुट्टी काढ. कल्याणीला आणि निकिताला घेऊन भुसावळला ये. मामाच्या घरी भाचेसून प्रथम येते तेव्हा तिची ओटी भरतात, ते सात वर्षं राहिलं आहे. कल्याणीला सांग, पाकिटावरचं तिचं अक्षर मी त्या दिवशीच ओळखलं होतं. पुणे पोस्टाचा शिक्का आणि अनोळखी हात, दुसरं कोण असणार? तरीही फोडलं. निकिताला प्रियदर्शनी इंजिन दाखवील. लांबूनच, नियमात.

गाडीनेच ये. मी डबा घेऊन स्टेशनवर असेन. आणि पुढून कितवा, मागून कितवा, असलं काही लिहू नकोस. नुसता डब्याचा नंबर लिही. बाकी प्लॅटफॉर्म मी चालून काढीन.

तुझा,
रतनमामा